गडणमावशीची पंचमी

गडणमावशी नव्या माणसाला नाव विचारत नसे. कुठल्या गावची, कुणाच्या घरची, पदरात पोरं किती, ह्या चौकशा इतर बायका करत. हिला त्यात काडीचा रस नव्हता. गावात नवी सून आली, कुणाकडे पाहुणी आली, बांगड्या भरायला कासारीण आली, की मावशी कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभी राहायची, तिला एकदा खालून वर न्याहाळायची आणि विचारायची, "तुजी गडण कोन?" उत्तर झटकन आलं तर "बरं हाय" म्हणून चालू लागायची. बाई अडखळली की संपलं. मग त्या बाईला गडण मिळेपर्यंत मावशीच्या जिवाला चैन नसे, आणि मावशी त्या बाईच्या जिवाला चैन पडू देत नसे.

मी अडखळले होते. माझं लग्न होऊन मी मुळशीच्या धरणाकाठच्या त्या गावात आले ते पन्नासच्या दशकाच्या अखेरीला. आमचे हे तिथल्या चौथीपर्यंतच्या शाळेत गुरुजी. मी पुण्यात पेठेत वाढलेली. नळाखाली बादली लावायची आणि भरली की उचलायची, एवढंच पाणी भरणं मला ठाऊक. झऱ्यावर पहिल्याच दिवशी हंडा डोक्यावर घ्यायच्या खटपटीत अर्धं पाणी अंगावर सांडलं. बायका हसल्या. त्या हसण्यातून वाट काढत एक उंच, काटकुळी, मिश्रीनं दात काळे झालेली बाई पुढे आली. हंडा सावरायला मदत करील असं मला वाटलं. तिनं विचारलं, "तुजी गडण कोन?"

"गडण म्हणजे?"

"जिला समदं सांगतीस ती."

मी माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं, लीलाचं नाव सांगितलं. ती पुण्यात असते, असंही सांगितलं.

"पुन्याची पुन्यात. हाक मारलीस तर यील का हितं? हितली कोन?"

हितली कुणीच नव्हती. माझे डोळे भरून आले. आधीच सगळी भिजले होते, तेव्हा कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं. मावशीच्या आलं असावं, कारण ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, "रडू नगं. पंचमी येऊ दे."

पंचमी म्हणजे नागपंचमी, सासुरवाशिणींचा सण. माहेरून मूळ येतं, म्हणजे भाऊ किंवा घरचं कुणीतरी मुराळी होऊन न्यायला येतं. मूळ आल्याशिवाय सुनेनं माहेरची वाट धरायची नाही, अशी तेव्हा रीत होती. मुराळी आला की ती लुगड्याची घडी मोडायची आणि निघायची. माहेरी तिच्यासारख्याच आलेल्या जुन्या मैत्रिणी भेटायच्या. मेंदी, फुगड्या, झोके आणि पोटभर बोलणं. वर्षातून तेवढेच दोन दिवस. पण आमच्या भागात श्रावणातसुद्धा पाऊस मी म्हणायचा. ओढे दुथडी वाहायचे, पलीकडे न्यायची होडी बंद व्हायची. मुराळी येणार तरी कसा? अर्ध्याअधिक सुनांच्या वाट्याला पंचमीला दाराशी उभं राहून रस्त्याकडे बघणं यायचं. ह्या मुराळी न आलेल्या सुना म्हणजे मावशीची माणसं.

आदल्या दिवशी, भावाच्या उपासाच्या दिवशी, मावशी डोक्यावर पावसासाठी पानांचं इरलं घेऊन घरोघर फिरायची. सुनेशी नाही, थेट सासूशी बोलायची. "उद्याच्याला सून मला दे. सांजच्याला आणून सोडते, हाय तशी." सासू कुरकुरली, गोठ्यातलं शेण कोण काढणार म्हणाली, तर मावशी पदर खोचून तिथल्या तिथं शेण काढायला लागायची. बोलायची नाही, नुसती काढत राहायची. वयानं मोठी, गावात मान असलेली बाई आपल्या गोठ्यात राबतेय, हे कुठल्या सासूला बघवणार! सून मोकळी व्हायची. एका म्हातारीला मात्र ते चांगलंच बघवलं. तिनं आणखी दोन म्हशींचं शेण मावशीकडून काढून घेतलं, वर गोठा धुऊन घेतला आणि मग सून सोडली. "लई चिवट बाई हाय ती," असं मावशी नंतर मोठ्या कौतुकानं सांगत फिरली.

पंचमीला वारुळाला दूध-लाह्या वाहून झाल्या की आम्ही गावाबाहेरच्या जांभळाखाली जमायचो. मावशीचे यजमान, ज्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, ते सकाळीच दोर टाकून झोका बांधायचे आणि लांब बसून राहायचे. आणि मग मावशी जोड्या लावायची. जोड्या लावायची तिची तऱ्हा निराळीच होती. तोंडाळ बाईच्या पदरी मुकी. सात पोरांच्या आईला कालची नवरी. झऱ्यावर एकमेकींचे हंडे मागे सरकवणाऱ्या दोघी हमखास एका जोडीत. कुणी म्हणालंच, "मावशे, हिच्यासंगं नगं," तर ती म्हणायची, "पटंल तिच्यासंगं कुनीबी बसंल. त्याला मी कशाला पायजे?"

एका वर्षी तिनं बांधावरून भांडण असलेल्या दोन घरांतल्या सुना एका जोडीत घातल्या. आमच्याकडचा झोका दोघींचा असायचा; समोरासमोर उभं राहायचं, आळीपाळीनं गुडघे वाकवून जोर लावायचा. एकीनं अंग चोरलं तर झोका जागचा हलत नाही. ह्या दोघींनीही चोरलं. तोंडं दोन दिशांना, झोका लोंबकळतोय, वरून पाऊस. मावशी खाली बसली आणि म्हणाली, "मला काय घाई न्हाई." आम्ही सगळ्या भिजत उभ्या. बऱ्याच वेळानं त्यांतली एक शिंकली, तिचा तोल गेला, दुसरीनं तिला दंडाला धरून सावरलं आणि दोघींना एकदम हसू फुटलं. मग झोका असा काही वर गेला की नानांना दोराची काळजी वाटायला लागली. बांधाचा वाद पुढे दोन्ही घरचे पुरुष चांगले चवीनं चालवत राहिले, पण त्या दोघी एकमेकींच्या बाळंतपणाला धावल्या.

झोका झाला की दोघींनी एकमेकींच्या ओटीत लाह्या घालायच्या आणि कुठेतरी बाजूला जाऊन बसायचं. तिथं प्रत्येकीनं आपल्या गडणीला एक गोष्ट सांगायची, आजवर कुणाला न सांगितलेली. दुसरीनं ती ऐकायची. "उपाव सांगायचा न्हाई," मावशी बजावायची. "उपाव सांगाया सासू हाय, नवरा हाय, भगत हाय. गडणीनं नुस्ता कान द्यायचा." पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, घरोघर पुरणाची दिंडं उकडायची. ही रीत सगळीकडची. मावशीनं त्यात स्वतःचं एक कलम घातलं होतं, जिभेनंही चिरायचं नाही. कुणी कुणाच्या रंगावरून, माहेरच्या गरिबीवरून, मूल नसण्यावरून बोलली की मावशी लांबून ओरडायची, "आगं पंचमी हाय, कापतीस काय?" बाई जीभ चावायची. वर्षभर टोमणे खाणाऱ्या पोरींना तो एक दिवस केवढा वाटत असेल!

माझी नात आता महाळुंग्याला नव्या इमारतीत राहते. ऑगस्टमधला तो रविवार आला की तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत रंगीबेरंगी पट्ट्या दिसतात. "आजी, आज फ्रेंडशिप डे," म्हणून एक पट्टी ती माझ्याही हातावर बांधते. मी हौसेनं बांधून घेते, दोन दिवस काढत नाही. मागे एकदा राहवलं नाही म्हणून तिला विचारलं, "ह्यातली तुझी गडण कोण गं?" गडण म्हणजे काय ते सांगितलं. तिनं पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि एकच नाव सांगितलं. मला फार बरं वाटलं. हे मावशीला कळायला हवं होतं.

मावशीनं माझी जोडी लावली ती डोंगरावरच्या धनगरवाड्यातल्या ठकूशी. गावातल्या बायकांची तोंडं वाकडी झाली. गुरुजींची बाई आणि धनगरीण, हे काही त्यांच्या डोळ्यांना रुचेना. मावशी म्हणाली, "दोगींचंबी हितं कुनी न्हाई. येक डोंगरावरनं आली, येक पुन्यावरनं आली. बसू द्या की." ठकूची बोली निराळी, माझी निराळी. पहिल्या पंचमीला आम्ही दोघी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या परक्या बायांसारख्या बसलो होतो. मग तिनंच सुरुवात केली. तिनं काय सांगितलं ते इथं लिहिणार नाही, तशी रीत नाही. माझं सांगायला हरकत नाही. पुण्याला धाडायच्या पत्रांत मी सगळं छान आहे असं लिहीत होते आणि रोज सकाळी उठलं की मला घरी परत जावंसं वाटत होतं. ठकूनं ऐकलं आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी धो धो पावसात ती डोंगर उतरून आमच्या ओसरीवर आली, घोंगडी झटकली आणि दारातूनच म्हणाली, "काय काम न्हाई. हायेस का गेलीस, बघाया आले." चहासुद्धा न घेता परत गेली.

त्या दिवसानंतर मला पुण्याला परत जावंसं वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं, पण कमी कमी वाटलं. आमची बदली झाली त्याला जन्म लोटला, ठकू जाऊनही बरीच वर्षं झाली. अजून पावसात दाराबाहेर कुणी छत्री झटकली की मी उठून बघते.

मावशी स्वतः मात्र कुणाच्या जोडीत बसत नसे. दोर ओढून बघायची, झोका द्यायची, लाह्या वाटायची, कुणाची पोरं सांभाळायची. झोक्यावर पाय ठेवायची नाही. बायका विषम भरल्या आणि एखादी एकटी उरली तर गावातून कुणाला तरी ओढून आणायची, पण आपण त्या जागी उभी राहायची नाही. मला हे दोन-तीन वर्षं नुसतं दिसत होतं. शेवटी एका पंचमीला मी विचारलंच, "मावशी, तुमची गडण कोण?"

भोवतालच्या बायकांनी माझ्याकडे वळून बघितलं. हा प्रश्न तिला कुणी विचारत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मावशी रागावली नाही. तिनं धरणाच्या पाण्याकडे हात केला. "त्या पान्याखाली आमचं गाव. तितली भागी. ती माजी गडण."

मावशीचं माहेर धरणात गेलं होतं. पाणी चढायला लागलं तेव्हा ती आणि भागी लग्नाच्या वयाच्या पोरी होत्या, शेजारशेजारच्या घरांतल्या. "तुजी गडण कोन?" हा त्या दोघींचा खेळ होता, एकीनं विचारायचं आणि दुसरीनं "तूच की गं" म्हणायचं, दिवसातून हव्या तितक्या वेळा. गाव उठलं, माणसं वाट फुटेल तिकडे गेली. मावशीचं नाव कमळा. कमळीला वरच्या अंगाच्या ह्या गावात दिली आणि भागीला खाली नेऱ्याला. दोघींचेही आईबाप दूर देशावर जाऊन तिकडेच वारले. पाठचा भाऊ दोघींनाही नाही. निघताना पंचमीला भेटायचं, एवढं ठरलं होतं. त्याला तीस-पस्तीस वर्षं होऊन गेली होती.

"मग?"

"मग काय? न्हाई आली ती."

मावशीचं म्हणणं सरळ होतं. काठाला राहत होती ती स्वतः. माहेर बुडालेलं का होईना, त्याच्या जवळ तीच होती; लांब गेली ती भागी. म्हणजे यायचं भागीनं. "लेक माहेराला येती, का माहेर लेकीकडं जातं?" असं ती विचारायची. नेऱ्याकडे, कासारसाईकडे सोयऱ्यांना भेटायला कुणी निघालं की त्याच्यापाशी निरोप द्यायची, "भागीला म्हनावं, कमळी वाट बगती." तिकडून निरोप यायचा, "भागीबी वाट बगती." वर्षानुवर्षं एवढाच निरोप ह्या तोंडून त्या तोंडी जात होता. आधी त्यात नुसती माया होती. मग रुसवा आला, आणि रुसव्याचा पुढे ताठा झाला. साऱ्या गावातल्या बायकांच्या गाठी घालून देणारी ही बाई स्वतःच्या गडणीपुढे मात्र हट्टाला पेटून बसली होती. "तिला याद असंल तर यील," म्हणायची आणि मिश्रीची डबी उघडायची. तिच्या आवाजात राग असायचा, पण पंचमीला दुपारी पौडच्या रस्त्यावर कुणी दिसलं की तिचं बोलणं मध्येच तुटायचं. ते बघून माझा जीव तुटायचा.

पुढच्या उन्हाळ्यात नेऱ्याच्या एका गुरुजींच्या मुलीचं लग्न निघालं. ह्यांच्या ओळखीचे, म्हणून आम्ही दोघं गेलो. पौडपर्यंत एस. टी. आणि तिथून घोटवड्यावरून बैलगाडी. मांडवात एक बुटकी, अंगानं भरलेली म्हातारी बायकांना हळदीकुंकू लावत फिरत होती. माझ्यासमोर आली. करंडा डाव्या हातात धरून उजवा हात तिनं कमरेवर ठेवला, मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "तुजी गडण कोन?"

"ठकू," मी म्हणाले, आणि पाठोपाठ, "तुम्ही भागाबाई ना? मी कमळामावशीच्या गावची."

तिनं करंडा शेजारच्या बाईच्या हातात कोंबला आणि मला मनगटाला धरून मांडवाबाहेर नेलं. गोठ्याच्या सावलीत बसवलं. "कशी हाय कमळी? दात हायेत का? अजून तशीच चालती का ताडताड?" मला उत्तर द्यायलाही उसंत मिळेना. मी सगळं सांगितलं. पंचमी, जांभूळ, जोड्या. ती खुदुखुदु हसत होती. मग मी विचारलं, "तुम्ही एकदाही का आला नाहीत?"

तिचं हसू गेलं. "मूळ कुटं धाडलं तिनं?"

"मूळ?" मी विचारलं.

"बिनबोलावता सासुरवाशीण कशी जायाची, बाई? दर पंचमीला लुगडं घडी करून ठिवलं. म्हनलं, यील कुनी मुराळी. तिचा निरोप यायचा, वाट बगती. वाट मी न्हाई का बगत? ये म्हनून कुनीतरी म्हनायला नगं?"

लग्न आटोपून आम्ही परतलो. गावात शिरले ती तडक मावशीकडे. ती अंगण सारवत होती. मी ऐकलेलं सगळं सांगितलं. तिचा हात शेणात तसाच राहिला. "मूळ? मी धाडायचं?" ती म्हणाली. "मी का तिची आई हाय?" पुन्हा दोन हात सारवलं, पुन्हा थांबली. "तिला आई न्हाई. भाऊ न्हाई. मूळ धाडाया तिचं जगात हुतं कोन?" आणि मग शेणाचा हात तिनं कपाळावर मारून घेतला. "मीच की गं! माज्याबिगर कोन हुतं!" ती हसायला लागली आणि हसता हसता कधी रडायला लागली ते कळलं नाही. मी तिला रडताना तोवर पाहिलं नव्हतं. एकीनं माहेरची रीत धरून ठेवली, दुसरीनं सासरची. दोघी काठावरच्या दोन झाडांसारख्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि तरुणपण सरून गेलं. ह्यात चूक कुणाची होती? मला आजही कुणाची म्हणवत नाही.

मूळ धाडायचं ठरलं, पण मुराळी कोण? नानांचे गुडघे गेलेले. मावशी आमच्या घरी आली आणि ह्यांच्यासमोर उभी राहिली. "गुरुजी, माजा भाऊ व्हा." सख्ख्या बहिणीला आणायला पोस्टकार्ड पुरतं असं मानणारा हा माणूस! मला वाटलं, आता हे शाळेचं कारण सांगणार. हे म्हणाले, "निघायचं कधी?" भावाच्या उपासाच्या दिवशी भर पावसात, छत्री, नारळ आणि हिरवं लुगडं घेऊन आमचे गुरुजी मुराळी होऊन नेऱ्याला गेले. त्यांनी तिथं ओसरीवर उभं राहून सांगितलं, "कमळाबाईंनी मूळ धाडलंय." भागाबाईचा मुलगा म्हणाला, "ह्या पावसात म्हातारीला कुठं नेताय?" भागाबाई आत गेली, लुगडं बदललं आणि गाठोडं घेऊन बाहेर आली. सुना बघत राहिल्या. हे सगळं ह्यांनी मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं जांभळापाशी पोचली. आम्ही बायका पदर डोळ्यांशी नेऊन तयारच होतो. मावशी पुढे झाली. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या.

"किती वाळलीस गं," भागाबाई म्हणाली.

"तू किती सुटलीस!"

आणि दोघी भांडायला लागल्या. रडणं नाही, गळामिठी नाही, कडाडून भांडण. तुला यायला काय झालं हुतं, तुला बोलवाया काय झालं हुतं, तू कवाचीच अशी, तू बी कवाचीच तशी. पाण्याखाली गेलेल्या गावातल्या कुठल्या कुठल्या जुन्या कागाळ्या निघाल्या. घाबरून एक नवी सून म्हणाली, "मावशी, पंचमी हाय, कापताय न्हवं." "गप गं," मावशी तिच्यावर खेकसली, "आमचं जुनं हाय!" तिथं मात्र सगळ्यांना हसू आवरेना. त्या दोघीही हसल्या, आणि हसता हसताच मावशीनं भागाबाईचा हात धरून तिला झोक्याकडे नेलं.

नानांनी दोर पुन्हा पुन्हा ओढून बघितला. एक काटकुळी, एक जाडजूड. झोका एका बाजूला कलत होता. पण लाजेचं काही काम नव्हतं. गुडघे वाकवत दोघी अशा वर जात होत्या की खालून आम्ही "पुरे, पुरे" म्हणून ओरडत होतो. त्या उंचीवरून त्यांना धरणाचं पाणी दिसत असणार. मग उतरून त्या लांब काठाला जाऊन बसल्या. पाऊस आला तरी उठल्या नाहीत. नानांनी जाऊन दोघींच्या डोक्यावर मिळून एक इरलं ठेवलं आणि परत आले. त्या तिथं काय बोलल्या, कुणाला माहीत नाही. मला लीलाची फार आठवण झाली त्या दिवशी. किती वर्षांत तिला मी नीट भेटले नव्हते.

भागाबाई चार दिवस राहिली. निघताना मावशीनं तिची ओटी भरली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "फुडल्या पंचमीला मूळ धाडते. नेसून बस."

पुढली पंचमी मावशीला दिसली नाही. थंडीत छाती भरल्याचं निमित्त झालं. पौडच्या डॉक्टरांचं औषध आणलं, शेक दिले, कशाचा उपयोग होईना. मी रोज जाऊन बसायची. बोलायला लागलं की तिला खोकला यायचा, म्हणून ती बोलत नसे. माझा हात हातात घेऊन पडून राहायची. एकदा मात्र तिनं सावकाश, थांबत थांबत सांगितलं, "भागीला तू सांग. परक्याकडनं नगं कळाया." दोन दिवसांनी ती गेली.

मी नेऱ्याला गेले. ह्या वेळी एकटी. बैलगाडीत सबंध वाटभर कसं सांगायचं ते मनात घोळवत होते. भागाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मला एकटीला आलेली बघून तिचे हात थांबले. मला काही सांगावंच लागलं नाही. तिनं बसायला जागा करून दिली आणि विचारलं, शेवटाला कोण होतं, पाणी कुणी घातलं, लुगडं कोणतं नेसवलं. मी सगळं सांगितलं. मुळाच्या वेळी भागाबाईला धाडलं होतं तसंच हिरवं लुगडं नेसवलं होतं, तेही सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि ते मला बघवेना. म्हणून मी म्हणाले, "मावशी नसल्या तरी आम्ही सगळ्या आहोत. पंचमीला मूळ धाडू. हे येतील न्यायला. तुम्ही यायचं."

भागाबाईनं मान हलवली. "नगं गं. आता कुटं येऊ?"

तिनं समोरच्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "गाव पान्यात गेलं तवा समदी रडली. माजी आई रडली, बाप रडला. मी न्हाई रडले. म्हनलं, कमळी काठाला ऱ्हानार हाय. ती हाय तवर माजं माहेर हाय." तिनं सूप खाली ठेवलं. "मास्तरनी, गाव आज बुडालं गं माजं."

आणि मग ती रडली. तेव्हाचं राहिलेलं सगळं रडली.